शरणपूर ते फ्रियर टाउन : आफ्रिकेत सेवेला गेलेली माणसे

प्रस्तावना

डेव्हिड लिव्हिंग्स्टनचे नाव शाळेच्या भूगोलातून आपल्या ओळखीचे झालेले असते. व्हिक्टोरिया धबधबा, नाईलच्या उगमाचा शोध, स्टॅनलीशी झालेली भेट एवढे तरी बहुतेकांना आठवते. १८७३ साली आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी तो वारला, तेव्हा झाडाखाली उभे राहून त्याच्यासाठी अंत्यविधीची प्रार्थना वाचणारा तरुण मात्र कुणाच्या ध्यानीमनी नसतो. त्याचे नाव जेकब वेनराइट. तो आफ्रिकेत जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, इंग्रज आरमाराने त्याला सोडवले आणि तो शिकला-सवरला तो आपल्या नाशिकला. हे पुस्तक त्याच्यासारख्या माणसांचे आहे.

पश्चिम भारत आणि पूर्व आफ्रिका यांचा संबंध म्हटला की कच्छी-गुजराती व्यापारी, गोव्याचे कारकून आणि शिंपी, युगांडा रेल्वेवर गेलेले पंजाबी मजूर डोळ्यांपुढे येतात. ही माणसे पोटासाठी गेली. सेवेच्या कामासाठी महाराष्ट्रातून तिकडे गेलेल्यांची आठवण त्या मानाने कमीच निघते. त्यांची हकिगत सलगपणे एका जागी यावी, एवढाच या लेखनाचा मूळ हेतू होता. लिहिता लिहिता त्यात आणखी एक प्रश्न शिरला : परमुलखात जाऊन दुसऱ्यांचे भले करू पाहणाऱ्या माणसाचे मोजमाप करायचे कशाने? त्याच्या श्रद्धेने, त्यागाने, की तो तिथल्या लोकांच्या किती उपयोगी पडला यावरून?

आफ्रिकेचा विषय आणि लिहिणारा ढाणकीचा, याचे काहींना नवल वाटेल. पण मिशन ही गोष्ट यवतमाळ जिल्ह्याला नवी नाही. अर्नेस्ट आणि फीबी वॉर्ड हे अमेरिकन जोडपे १८८१ मध्ये भारतात आले. त्यांच्या फ्री मेथॉडिस्ट पंथाने पुढे यवतमाळ हे आपल्या कामाचे ठाणे केले. पांढरकवड्याजवळच्या उमरीचा मिशन दवाखाना त्याच परंपरेतला. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ पासून तीस वर्षे यवतमाळला होती आणि १९८३ मध्ये ती पुण्याला गेली. याच पंथाची माणसे १८८५ मध्ये मोझांबिकच्या इन्हांबाने भागात पोचली होती. म्हणजे एकाच छोट्या पंथाने विदर्भाकडे आणि आफ्रिकेकडे जवळपास एकाच वेळी माणसे धाडली.

आपण या व्यवहारात यजमानाच्या जागी होतो. त्यामुळे गोऱ्या मिशनऱ्याबद्दल आपल्या गावांत दोन मते आधीपासून चालत आली आहेत. एक, हे लोक बाटवायला आले. दुसरे, कोणी फिरकत नव्हते तेव्हा यांनी बाळंतिणी सोडवल्या आणि पोरांच्या हाती पाटी दिली. दोन्ही मतांत तथ्य आहे आणि दोन्ही अपुरी आहेत. ज्याच्या दारात सेवा येते त्याला जे प्रश्न पडतात, ते सेवा घेऊन निघालेल्याला सहसा पडत नाहीत. म्हणून आफ्रिकेतल्या मिशनची गोष्ट विदर्भातल्या माणसाने सांगण्यात वावगे काही नाही. उलट त्याच्याकडे विचारायचे प्रश्न तयार असतात.

मूळ गोष्ट अशी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर झांझिबार हा पूर्व आफ्रिकेतल्या गुलामांच्या व्यापाराचा मोठा बाजार होता. आतल्या मुलखातून पकडून आणलेली माणसे गलबतांत कोंबून अरबस्तान आणि इराणी आखाताकडे नेली जात. इंग्रज आरमाराची जहाजे ही गलबते अडवत. सोडवलेल्या माणसांना परत त्यांच्या गावी पोचवणे अशक्य होते. गाव शेकडो मैल आत, वाट गुलाम पकडणाऱ्यांच्या ताब्यात, आणि पुष्कळ मुलांना आपल्या गावाचा पत्ताही सांगता येत नसे. मग त्यांना एडन, सेशेल्स, मॉरिशस किंवा मुंबई इथे उतरवत. मुंबईत उतरलेल्यांपैकी काही मुले-मुली मिशनकडे सोपवली जात. कार्ल विल्हेल्म आयझेनबर्ग हा जर्मन मिशनरी पूर्वी इथिओपियात राहून आला होता. मुंबईत अशा मुलांची सोय लावण्याचे काम त्याने हाती घेतले. पुढे ही मुले नाशिकजवळच्या शरणपूरला गेली. चर्च मिशनरी सोसायटीची ही ख्रिस्ती वसाहत १८५० च्या दशकात विल्यम सॉल्टर प्राइस याने उभी केली होती.

आज नाशिकचा शरणपूर रोड दुकाने, बँका आणि दवाखान्यांनी गजबजलेला आहे. त्या काळी तिथे शाळा होती, प्रार्थनामंदिर होते, आणि या पुस्तकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कारखाने होते. मुलगे लोहारकाम, सुतारकाम, गवंडीकाम शिकत. मुली शिवणकाम आणि घरकाम. इंग्रजी आणि इकडची बोली दोन्ही त्यांच्या कानांवर पडत. मोठी झाली की त्यांची आपसांत लग्ने लावून देत. त्यांना ‘नाशिकची पोरे’ म्हणत, आणि आफ्रिकेत गेल्यावर ती ‘बॉम्बे आफ्रिकन’ झाली. दोन्ही नावांत त्यांच्या जन्मगावाचा मागमूस नाही.

तिकडे मोंबासाजवळ त्याच सोसायटीचे एक ठाणे रखडत चालले होते. योहान लुडविग क्राफ १८४४ मध्ये मोंबासाला पोचला आणि काही आठवड्यांतच तापाने त्याची बायको आणि नुकती जन्मलेली मुलगी गेली. १८४६ मध्ये योहानेस रेबमान त्याला येऊन मिळाला आणि दोघांनी राबाई इथे ठाणे मांडले. किलिमांजारोचा बर्फ पाहिल्याचे युरोपला कळवणारा हाच रेबमान. विषुववृत्तापाशी बर्फ कसा असेल म्हणून विद्वानांनी त्याला हसून वाटेला लावले. तो १८७५ पर्यंत तिथे राहिला आणि आंधळा होऊन परतला. भाषेची टिपणे त्याने ढीगभर केली, पण माणसे जोडली गेली ती मोजकी. अशा ठिकाणी १८६४ मध्ये शरणपूरहून मदत गेली. विल्यम जोन्स, इश्मेल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड ही त्या पहिल्या फळीतली नावे. राबाईच्या लोकांना उपदेश करणारा गोरा माणूस ठाऊक होता. आपल्याच रंगाचा, पण सदरा-पाटलोण घालणारा, पुस्तक वाचणारा आणि घणही मारणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असणार.

१८६५ मध्ये लिव्हिंग्स्टन नाशिकला आला आणि आपल्या शेवटच्या मोहिमेसाठी त्याने शरणपूरचे नऊ तरुण निवडले. १८६६ च्या सुरुवातीला मुंबईहून निघालेल्या या ताफ्यात बॉम्बे मरीन बटालियनचे तेरा शिपाई होते, उंट होते आणि चक्क म्हशीही होत्या. त्सेत्से नावाची माशी चावली की गुरे मरतात, म्हणून त्या मुलखात बैलगाडी नाही की बैलाच्या पाठीवर ओझे नाही. हिंदुस्थानी जनावरे त्या माशीपुढे टिकतात का, हे लिव्हिंग्स्टनला पाहायचे होते. ती टिकली नाहीत. शिपाईही थोड्याच महिन्यांत माघारी धाडावे लागले. आमच्या भागात बंजाऱ्यांच्या तांड्यांनी पिढ्यानपिढ्या बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून लदेणी केली. पूर्व आफ्रिकेत तेच काम माणसाच्या डोक्यावरून होई. एका हमालाच्या वाट्याला साधारण तीस किलो ओझे, आणि त्यात मुख्यतः कापडाच्या गाठी आणि काचेचे मणी, कारण आतल्या मुलखात नाणे चालत नसे, कापड चाले. धान्य घ्यायचे तरी कापड, गावच्या मुखियाकडून वाट मागायची तरी कापड. मिशनचे काम कसे चालते हे समजून घ्यायचे असेल तर आधी हा हिशेब समजून घ्यावा लागतो. प्रार्थनेच्या पुस्तकाआधी कापडाची गाठ पोचावी लागे.

लिव्हिंग्स्टनच्या रोजनिशीत नाशिकच्या मुलांबद्दल तक्रारी पुष्कळ आहेत. आळशी आहेत, मागे रेंगाळतात, ऐकत नाहीत. त्यातले काही जण सोडून गेले, एक तर पहिल्याच वर्षी वाटेत मेला. पण एडवर्ड गार्डनर आणि मबरुकी या नावाने ओळखला जाणारा नॅथॅनिअल कुंबा हे दोघे सात वर्षांनी, शेवटच्या दिवशीही त्याच्याजवळ होते. त्यांच्या जोडीला सुसी, अमोदा आणि मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत शिकलेला चुमा. १८७२ मध्ये मदतीला आलेल्या तुकडीबरोबर शरणपूरचे आणखी सहा जण आले. जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन आणि कारस फरार हे त्यांतले.

१८७३ च्या मे महिन्यात चितांबोच्या गावी जे घडले, त्यावर या पुस्तकात सर्वांत जास्त पाने खर्ची पडली आहेत. साहेब वारला. प्रेत तिथेच पुरून प्रत्येकाने आपली वाट धरली असती तरी कुणी बोल लावला नसता. या माणसांनी बसून विचार केला आणि प्रेत किनाऱ्यावर न्यायचे ठरवले. फरिजाला हा सोबती पूर्वी झांझिबारला एका डॉक्टरकडे नोकरीला होता, त्यामुळे त्याने असे काम थोडेफार पाहिलेले होते. त्याने आणि फरारने शरीर उघडून काळीज व आतडी काढली. ती पत्र्याच्या डब्यात ठेवून झाडाखाली पुरली, आणि वेनराइटने प्रार्थना वाचली. मग शरीरात मीठ भरून ते चौदा दिवस उन्हात वाळवले. कापडात, झाडाच्या सालीत आणि शिडाच्या कापडात गुंडाळून वर डांबर लावले. वेनराइटने झाडाच्या बुंध्यावर नाव आणि तारीख कोरली.

वाट नऊ महिन्यांची होती. आजच्या तबोराजवळ लेफ्टनंट कॅमेरॉनची मदत-मोहीम त्यांना भेटली. कॅमेरॉन म्हणाला, इथेच पुरा. हे नाही म्हणाले. पुढच्या गावांत मढे जाऊ देत नाहीत असे कळल्यावर त्यांनी एक खोटे मढे बांधले, ते पुरायला परत नेत असल्याचा देखावा केला, आणि खरे शरीर कापडाच्या गाठीसारखे बांधून इतर गाठींत मिसळून दिले. १८७४ च्या फेब्रुवारीत ते बागामोयोला किनाऱ्यावर पोचले. त्यानंतर सूत्रे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाती गेली. प्रेताबरोबर इंग्लंडला पाठवला गेला तो एकटा वेनराइट. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटी धरणाऱ्यांमध्ये तो होता. सुसी आणि चुमा नंतर इंग्लंडला पोचले, तोवर सगळे उरकले होते. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने या ताफ्यातल्या साठ जणांसाठी पदके पाडली. तोवर त्यांतले पुष्कळ जण पांगले होते. वेनराइट पुढे पडेल ती कामे करत १८९२ मध्ये आजच्या टांझानियातल्या उरांबो इथे वारला. वेलिंग्टन मात्र १९३५ पर्यंत मोंबासाला जगला.

याच सुमारास सर बार्टल फ्रियर या कथेत येतो. तो १८६२ ते १८६७ मुंबईचा गव्हर्नर होता, शरणपूर त्याच्या माहितीतले. १८७३ मध्ये गुलामांचा व्यापार थांबवण्याचा करार करवून घेण्यासाठी तो झांझिबारला गेला. शरणपूरसारखी वसाहत आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच हवी, असे त्याने सुचवले. चर्च मिशनरी सोसायटीने १८७४ मध्ये प्राइसलाच तिकडे पाठवले. मोंबासा बेटासमोर जमीन घेऊन वसवलेल्या या गावाला नाव मिळाले फ्रियर टाउन. शरणपूरहून सुमारे दीडशे आफ्रिकी तिथे गेले. शिक्षक, सुतार, लोहार, गवंडी, दुभाषे, सगळे तेच. त्या गावच्या घंटेचा कमानीदार बुरूज मोंबासात आजही उभा आहे आणि त्या चौकाला लोक केंगेलेनी म्हणतात. गुलाम पकडणाऱ्यांची चाहूल लागली की ही घंटा वाजवत.

इथे पुस्तकाचा कठीण भाग सुरू होतो. ही माणसे मायदेशी आली खरी, पण कुठल्या? त्यांची मूळ गावे दक्षिणेला दूर न्यासा सरोवराकडे आणि आणखी कुठे कुठे. किनाऱ्यावरची स्वाहिली बहुतेकांना नव्याने शिकावी लागली. आसपासच्या लोकांना ती उपरी वाटली. गोऱ्या मिशनऱ्यांच्या लेखी ती हाताखालची माणसे होती. पगार, मान आणि कामाची वाटणी यांवरून खटके उडत राहिले. वीस वर्षे ठाणे सांभाळलेल्या माणसाला कालपरवा विलायतेहून आलेल्या पोरसवदा साहेबाचा हुकूम ऐकावा लागे. काही जण वैतागून मिशन सोडून पुढे आलेल्या इंग्रज व्यापारी कंपनीच्या नोकरीत गेले. सोसायटीच्या अहवालांत याला गर्व आणि अवज्ञा म्हटलेले सापडते. वाचकाने ते शब्द कुणाचे आहेत हे लक्षात ठेवून वाचावेत.

विल्यम जोन्सवर एक वेगळे प्रकरण आहे. १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टनने त्याला आणि सेमलरला डीकनची दीक्षा दिली. त्याच वर्षी हॅनिंग्टन युगांडाकडे निघाला. मोठा ताफा जोन्सच्या हवाली करून तो थोडी माणसे घेऊन पुढे गेला आणि ऑक्टोबरअखेर बुसोगात मारला गेला. जोन्सने आठवडेच्या आठवडे वाट पाहिली, बातमीची खातरजमा केली आणि उरलेल्या माणसांना घेऊन तो १८८६ च्या फेब्रुवारीत राबाईला परतला. साहेबांच्या चरित्रांत जोन्सच्या वाट्याला या प्रवासापुरते स्थान येते. पण त्याचे खरे मोठेपण राबाईत आहे. किनाऱ्यावरच्या मळेवाल्यांकडून पळालेले गुलाम राबाईला आश्रयाला येत. त्यांना ठेवून घेऊ नये, मळेवाल्यांशी वाकडे घेऊ नये, असे सोसायटीचे धोरण होते. तरीही माणसे येत राहिली, झोपड्या घालून राहिली, शेती करू लागली, आणि ठाण्याचा कारभार जोन्सच्या हाती होता. १८८८ मध्ये आलेल्या इंग्रज कंपनीला शेवटी मळेवाल्यांना पैसे मोजून हा गुंता सोडवावा लागला. १८८९ च्या पहिल्या दिवशी चौदाशेहून जास्त माणसांच्या हाती मुक्ततेचे कागद पडले.

माझ्या मते परदेशातल्या सेवेची कसोटी इथे लागते. वरिष्ठांचे पत्र एका हातात आणि दारात उभा असलेला माणूस समोर, अशा वेळी तुम्ही जबाब कुणाला देता? जोन्स स्वतः विकला गेलेला होता. त्याने दार लावले नाही. लिव्हिंग्स्टनच्या धाडसापेक्षा मला हे धैर्य मोठे वाटते.

याचा अर्थ मिशनचा इतिहास धुऊन काढावा असा नाही. मिशनपाठोपाठ कंपनी आली, कंपनीपाठोपाठ १८९५ मध्ये इंग्रजी अंमल आला. गुलामगिरीविरुद्धचे बोलणे आणि साम्राज्याचा विस्तार हातात हात घालून चालले. सोडवलेल्या मुलांना नावे मिळाली तीही मिशनऱ्यांची आणि त्यांच्या स्नेह्यांची : सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग. त्यांच्या आई-बापांनी ठेवलेली नावे बहुतांशी हरवली. कागद उरले तेही साहेबांनी लिहिलेले. वेनराइटची रोजनिशी आणि फरारने लिहिलेली हकिगत हे मोजके अपवाद, आणि म्हणूनच त्यांना या पुस्तकात झुकते माप दिले आहे.

आता थोडे आजच्याविषयी. उमरखेड, पुसद, ढाणकीकडची नर्सिंग, कृषी, संगणक शिकलेली मुले अधूनमधून विचारतात की आफ्रिकेत स्वयंसेवक म्हणून जाता येईल का. येईल, आणि जावेही. पण काही गोष्टी आधी समजून घ्याव्यात. पूर्व आणि मध्य आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत जाताना पीतज्वराची लस जाण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. लस घेतल्याचा दाखला नसेल तर परतताना भारतात सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवतात. मलेरियाच्या गोळ्या हा विसरण्याचा विषय नाही. क्राफच्या घरावर जे आले ते आजही येऊ शकते. केनिया, टांझानिया इथे बिनपगारी कामालाही परवाना लागतो, पर्यटक म्हणून जाऊन काम करणे हा गुन्हा ठरतो. पंधरा दिवस अनाथाश्रमात मुलांशी खेळून येण्याच्या सहलींपासून दूर राहावे. अशा आश्रमांतल्या पुष्कळ मुलांचे आई-वडील हयात असतात, आणि दर पंधरवड्याला नवा ताई-दादा येऊन जाण्याने मुलांचे भले होत नाही. ज्या कामाला तिथला माणूस मिळू शकतो ते काम फुकट करून त्याची रोजी बुडवू नये.

पुस्तकाची मांडणी सरळ आहे. पहिला भाग गुलामांच्या व्यापाराचा आणि शरणपूरचा, दुसरा लिव्हिंग्स्टनच्या ताफ्याचा, तिसरा फ्रियर टाउन आणि राबाईचा. चौथा भाग आजच्या स्वयंसेवकांसाठी आहे. घाई असलेल्यांनी तो आधी वाचला तरी चालेल, पण तिथेच थांबू नये. व्यक्तिनामे मूळ कागदांत वेगवेगळी लिहिलेली आहेत. इथे एकच रूप कायम ठेवले आहे. हस्तलिखित वाचून शंका काढणाऱ्या मित्रांचा, विशेषतः मिशनबद्दल टोकाची मते असूनही शेवटपर्यंत वाद घालत बसलेल्यांचा, मी ऋणी आहे.

नाशिक-मुंबईकडच्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबांत शरणपूरच्या काळातली पत्रे, लग्नाच्या नोंदी किंवा फोटो असतील तर ते रद्दीत घालू नका. एखाद्या ग्रंथालयाला किंवा चर्चच्या दप्तराला द्या. आणि जे आफ्रिकेला निघाले आहेत त्यांना एवढेच सांगणे की हाताला एक काम येऊ द्या, स्वाहिली किंवा तिथली जी बोली असेल ती निघण्याआधी शिकायला लागा, आणि वर्ष-दोन वर्षे राहायची तयारी नसेल तर तेच पैसे तिथल्या एखाद्या नर्सच्या पगाराला पाठवून घरी राहा.

ढाणकी, ता. उमरखेड, जि. यवतमाळ